दोन माणसांनी खड्ड्यातून काढता आली पाहिजे : जीपपासून थारपर्यंत, ऑफ-रोड परीक्षेचा इतिहास

आज आपण एका परीक्षेचा इतिहास बघणार आहोत. राजाचा नाही, लढाईचा नाही, परीक्षेचा. नेहमीप्रमाणे एपिसोडमधलं बोलणं इथे लिहून काढलंय. थोडं नीटनेटकं केलंय, पण बोलणं ते बोलणंच राहिलंय, सांभाळून घ्या.

बाजारात नवी फोर बाय फोर गाडी आली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्याभरात मोबाइलवर रील्स सुरू. गाडी चिखलात, गाडी दगडावर, एक चाक हवेत, मागे ढोल-ताशा. खाली कमेंट्समध्ये भांडण: थार की जिम्नी? थ्री-डोर की रॉक्स? एक म्हणतो "हीच बाप", दुसरा म्हणतो "खेळणं आहे रे". या सगळ्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. गाडी ऑफ-रोड चांगली आहे हे ठरवायचं कसं? चांगली म्हणजे नक्की कशात चांगली?

नाशिककरांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. थार हे नाव राजस्थानातल्या वाळवंटाचं, पण गाडी आपल्या नाशिकच्या कारखान्यातली. आणि या प्रश्नाला ऐंशीपेक्षा जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू होतो अमेरिकेच्या एका लष्करी तळावर आणि येतो थेट आपल्या फरशी पुलापर्यंत.

पहिली प्रश्नपत्रिका : १९४०

१९४० चा जुलै महिना. युरोपात हिटलरने फ्रान्स घेतलाय. अमेरिका अजून युद्धात नाही, पण तयारीला लागली आहे. तिच्या सैन्याला एक छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. घोडा आणि मोटारसायकल यांची जागा घेणारी. सैन्याने १३५ कंपन्यांना पत्र पाठवलं आणि निविदा भरायला दिले जेमतेम ११ दिवस. पहिली गाडी ४९ दिवसांत तयार करून द्यायची.

अटी काय होत्या बघा. वजन १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. त्यावर २७० किलोच्या आसपास भार वाहायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आलं की सगळे एकमेकांकडे बघतात. हे होणार नाही हे सगळ्यांना कळतं, पण सांगणार कोण? १३५ पैकी दोनच कंपन्यांनी निविदा भरल्या. बॅंटम आणि विलिस-ओव्हरलँड.

बॅंटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावातली, दिवाळखोरीच्या काठावरची कंपनी. तिने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोनेक दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास असताना, पहिली गाडी बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड तळावर पोचली.

आता इथे एक किस्सा आहे. तो खुद्द प्रोब्स्टने नंतर सांगितला. गाडीचं वजन ठरलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त झालं होतं. ते ऐकून अधिकाऱ्यांचे चेहरे पडले. तेव्हा घोडदळातला एक दांडगा अधिकारी पुढे आला, त्याने गाडीचा मागचा भाग धरला आणि जमिनीपासून उचलला. त्याचं म्हणणं साधं होतं. दोन माणसं ही गाडी खड्ड्यातून काढू शकत असतील, तर आपल्याला ती हवी आहे.

मला ही ऑफ-रोड इतिहासातली सगळ्यात शहाणी चाचणी वाटते. कारण त्या माणसाने आकडा बाजूला ठेवला आणि आकडा कशासाठी होता ते विचारलं. वजन कमी का हवं? तराजूला खूश करायला नाही. गाडी अडकणार आहे, हे त्याने गृहीत धरलं होतं. अडकल्यावर पुढे काय, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मग सैन्याने ती गाडी अक्षरशः पिळून काढली. तीन आठवड्यांत साधारण ५,५०० किलोमीटर चालवली आणि त्यातले जेमतेम ४०० किलोमीटर पक्क्या रस्त्यावर. बाकी सगळा चिखल, वाळू, चढ, झाडी. मोडलेल्या भागांची यादी झाली, तरी शेवटी गाडी पास झाली.

विलिसची गाडी नंतर आली. वजनाने जड, पण इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. बॅंटमचं ४५ च्या आसपास. सैन्य त्या इंजिनाच्या प्रेमात पडलं आणि वजनाची मर्यादा वाढवून २,१६० पौंड केली, म्हणजे ९८० किलो. विलिसचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी मग गाडीतला एकेक बोल्ट, एकेक पत्रा तपासून वजन उतरवलं. हिशोब इतका काठावर आला की रंगाच्या थराचंही वजन मोजावं लागलं. आणि शेवटी युद्धात जी विलिस एमबी धावली, तिचं वजन किती? सुमारे १,१०० किलो. पहिल्या अटीच्या जवळजवळ दुप्पट! अशा गाड्या विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त बनवल्या. जग तिला जीप म्हणू लागलं.

म्हणजे कागदावरची अट जमिनीवर आल्यावर बदलली. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट नेमकी उलटी आहे.

कागदावर पास, बंदरात नापास : १९४८

स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मीरची लढाई सुरू झाली. आपल्या सैन्याला तातडीने जीप हव्या होत्या. ब्रिटनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी करार केला. जुन्या, दुरुस्त केलेल्या २,००० जीप, साधारण ८० लाख रुपयांना. प्रत्यक्षात मद्रासला उतरल्या १५५. आणि त्या वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या.

शाळेत आपण हे 'जीप घोटाळा' म्हणून एका ओळीत वाचतो, स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा म्हणून. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. राजकारण तिथे सोडू. आपल्या विषयापुरतं एवढंच बघा: जीप म्हणजे तीच, युद्ध जिंकून आलेली. नाव तेच, आकार तोच. पण समोर उभी असलेली नेमकी ही गाडी चालते का, हे बघणं राहिलं आणि सैन्य वाट बघत बसलं. गाडीच्या नावाला परीक्षा देता येत नाही, ती गाडीलाच द्यावी लागते.

वॉशिंग्टन ते माझगाव ते सातपूर

दुसऱ्या महायुद्धात के. सी. महिंद्रा अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख होते. कंपनीच्या इतिहासात सांगतात की तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. तेच, रंगाचं वजन मोजणारे! महिंद्रांना वाटलं, युद्धभूमीवर टिकलेली ही गाडी आपल्या कच्च्या रस्त्यांवर का नाही चालणार?

२ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. धंदा पोलादाचा. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, विलिसच्या ७५ जीप सुट्या भागांत भारतात आल्या होत्या. मुंबईत माझगावला त्या जोडायचं काम सुरू झालं. हळूहळू जोडणीचं रूपांतर बनवण्यात झालं. १९८१ मध्ये नाशिकला सातपूरचा कारखाना आला, आणि त्याच दशकात इगतपुरीला इंजिनं बनू लागली. प्यूजोच्या तंत्रज्ञानाचं एक्सडीपी डिझेल इंजिन, जुने मेकॅनिक आजही ज्याचं नाव प्रेमाने घेतात, ते याच काळातलं.

आता महाराष्ट्रात या जीपची परीक्षा कोण घेत होतं? १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बीडीओ साहेबांची जीप गावात येणं म्हणजे सरकार येणं. पोरं मागे धावायची. त्या जीपला प्रश्न होता: पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावरून शेवटच्या गावाला पोचतेस का?

नंतर आली काळी-पिवळी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात. कमांडर जीपमध्ये आत किती, मागे लटकून किती, टपावर किती, याची मोजदाद कुणी केली नाही. आणि इथे एक गंमत आहे. यातल्या बहुतेक गाड्या फोर बाय फोर नव्हत्याच. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या. म्हणजे ज्या गोष्टीसाठी १९४० मध्ये एवढा आटापिटा झाला, ती पुढच्या चाकांची ताकदच आपण काढून टाकली. का? कारण आपली प्रश्नपत्रिका वेगळी होती. डिझेल किती खाते? पंधरा-वीस माणसं ओढते का? पाटा तुटला तर नांदूरशिंगोट्याच्या चौकात वेल्डिंग होईल का?

ती परीक्षा जीपने पहिल्या नंबराने पास केली. कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात न छापलेली परीक्षा. पण पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावर अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, तिथे पुढचं सगळं गाडी पोचली की नाही यावर असतं. आपण ज्याला हौसेने 'ऑफ-रोड' म्हणतो, तो तिथला रोजचा रस्ता असतो. रोड असेल तर ऑफ होणार ना!

याच सुमारास, १९८५ च्या शेवटी, मारुतीची जिप्सी आली. इंजिन लहान, एक लिटरसुद्धा नाही. पण वजन टनाच्या आत-बाहेर. ताकद कमी असूनही चिखलात ती निघून जायची, कारण रुतायला मुळात वजनच नव्हतं. घोडदळातल्या त्या अधिकाऱ्याला जिप्सी नक्की आवडली असती. आपल्या सैन्यानेही ती हजारोंनी घेतली. पुढे सैन्याची गरज बदलली: ८०० किलो भार, वर पक्कं छप्पर, आत एसी. मग लांबलचक चाचण्या झाल्या, महिंद्राची स्कॉर्पिओ आणि टाटाची सफारी स्टॉर्म समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि २०१७ मध्ये ३,१९२ सफारींची ऑर्डर निघाली. जिप्सी वाईट झाली होती का? नाही. प्रश्न बदलला होता.

थारचे आकडे, आणि ते वाचायचे कसे

२०१० मध्ये पहिली थार आली. १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार जगासमोर आली आणि २ ऑक्टोबरला बाजारात. कंपनी सुरू झाल्याला बरोबर ७५ वर्षं त्याच दिवशी झाली.

या गाडीच्या माहितीपत्रकात ऑफ-रोडचे आकडे आहेत. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. अप्रोच अँगल ४१.८ अंश, रॅम्पओव्हर २७, डिपार्चर ३६.८. पाण्यातून जायची खोली ६५० मिलिमीटर. आता हे शेतातल्या भाषेत समजून घेऊ.

अप्रोच अँगल म्हणजे समोर उभा चढ आला तर बंपर घासायच्या आधी टायर लागतं का. रॅम्पओव्हर म्हणजे शेताचा बांध ओलांडताना गाडीचं पोट टेकतं का. डिपार्चर म्हणजे नाल्यातून वर निघताना मागचा भाग अडकतो का. बस्स, एवढंच. ही निव्वळ भूमिती आहे, इंजिनाचा इथे काही संबंध नाही.

आता तुलना करा. १९४० च्या दशकातली विलिस एमबी: ग्राउंड क्लिअरन्स पावणेनऊ इंच, म्हणजे २२२ मिलिमीटर. अप्रोच ४५ अंश, डिपार्चर ३५. ऐंशी वर्षांत ग्राउंड क्लिअरन्स वाढला किती, तर ४ मिलिमीटर! समोरचा कोन उलट कमीच झाला. आणि वजन १,१०० किलोवरून पावणेदोन टनांच्या घरात गेलं. कारण आता गाडीला एअरबॅग हव्यात, धडकेत माणूस वाचायला हवा, एसी हवा. त्यात चूक काहीच नाही. २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत थारला चार तारे मिळाले. विलिसला धडकेची चाचणी कुणी घेतलीच नव्हती.

मग सुधारणा कुठे झाली? चाकांना ताकद वाटण्यात. हे जरा नीट ऐका, कारण अर्ध्या रील्स इथेच फसवतात.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. पण त्याचा एक स्वभाव आहे. ते दोन्ही चाकांना सारखीच ओढ देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. गाडी जागेवर, एक चाक भिंगरीसारखं फिरतंय. फोर बाय फोर असली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की खेळ संपला.

यावर उपाय दोन. पहिला, डिफरेन्शियल लॉक: दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची. दुसरा, मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावायचा, म्हणजे ओढ दुसऱ्याकडे जाते. थारच्या वेगवेगळ्या प्रकारांत हे उपाय आहेत. शोरूममध्ये गेलात तर 'फोर बाय फोर आहे का' एवढंच विचारू नका. 'माझ्या या मॉडेलमध्ये मागचा लॉक आहे का' हे विचारा. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

म्हणजे एक चाक हवेत असलेला फोटो बघून 'काय गाडी आहे!' म्हणण्याआधी थांबा. चाक हवेत गेलं, याचा अर्थ सस्पेन्शनची चाल तिथे संपली. चाक जितका वेळ जमिनीवर टिकेल तितकं चांगलं. हे मोजायचीसुद्धा पद्धत आहे, तिला रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स म्हणतात. २० अंशांच्या उतारावर गाडीचं पुढचं एकच चाक चढवायचं, दुसरं कुठलंही चाक उचलेपर्यंत. जितकं अंतर ते चाक उतारावर चढलं, त्याला व्हीलबेसने भागायचं आणि हजाराने गुणायचं. फोटो छान येण्यापेक्षा हा आकडा चांगला येणं महत्त्वाचं.

आणखी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. अप्रोच ४१.७, म्हणजे जवळपास तेवढाच. पण रॅम्पओव्हर २७ वरून २३.९ वर आला. कारण व्हीलबेस २,४५० मिलिमीटरवरून २,८५० झाला. मागे घरची मंडळी ऐसपैस बसणार, त्याची किंमत बांधावर द्यायची. उलट मारुतीची जिम्नी, जून २०२३ मध्ये आलेली. तिचा अप्रोच ३६ अंश, थारपेक्षा बराच कमी. पण वजन सुमारे १,२०० किलो, थारपेक्षा पाचेकशे किलोने हलकी. दगडी चढावर थारचा आकडा बोलेल, ओल्या काळ्या मातीत जिम्नीचं वजन. मग बाप कोण? अहो, आधी जमीन कुठली ते सांगा!

आपली जमीन

आणि जमीन आपल्याकडे एक नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून पन्नासेक किलोमीटरवर नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. आणखी पूर्वेला सिन्नर-येवल्याला त्याहून कमी. घाटावर काळा बेसॉल्ट, शेवाळ धरलेला. निफाडला काळी माती.

ही काळी माती भल्याभल्यांना रडवते. ओली झाली की टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. मग चार चाकांना ताकद असो की चाळीस, चारही लाडू जागच्या जागी फिरतात. तिथे गाडीच्या किमतीपेक्षा टायरची नक्षी जास्त कामाची. खाचा रुंद हव्यात, फिरता फिरता माती फेकून देणाऱ्या. वाळूत उलट, टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक पसरून जास्त जागेवर टेकतं. एकाच गाडीचा निकाल टायर बदलला की बदलतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करणारा व्हिडिओ बघताना पहिला प्रश्न: दोघींचे टायर कुठले होते?

गाड्यांची परीक्षा घेण्याच्या जागा आपल्या आसपासच आहेत. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्करी वाहनांच्या चाचण्यांसाठी तिचे खास ट्रॅक आहेत. पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. इगतपुरीजवळ तर महिंद्राने गाडी चालवायला शिकवणारी ऑफ-रोड अकादमी काढली. गाडी विकणाऱ्या कंपनीला चालवणाऱ्यालाही शिकवावं लागतं, यातच सगळं आलं. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून, ब्रेकला पाय न लावता उतार उतरणं हे शिकावं लागतं. घाबरून ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, की घसरगुंडी.

सगळ्यात धोकादायक आकडा

आता त्या शेवटच्या आकड्याकडे येऊ. ६५० मिलिमीटर. कोन चुकला तर बंपर जातो. हा आकडा चुकीचा वाचला तर माणूस जातो.

आकडा खोटा नाही. पण वॉटर वेडिंग म्हणजे काय? साठलेलं पाणी, खाली पक्का तळ, गाडी हळू चाललेली. त्या स्थितीत इंजिनात पाणी न शिरता किती खोल जाता येईल, तो हा आकडा. तो इंजिनाच्या श्वासाविषयी आहे. वाहत्या पाण्याविषयी तो काहीच बोलत नाही.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना बजावते की साधारण फूटभर वेगवान पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. आणि माहितीपत्रक म्हणतं ६५. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त पाणी वेगळं आहे.

ढोबळ गणित करू. गाडीच्या बंद केबिनचा तळ समजा चार चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढलं की ते गाडीला साधारण ४०० किलोने वर ढकलतं. २५ सेंटिमीटर चढलं तर १,००० किलो. पावणेदोन टनांच्या गाडीचे जमिनीवर उरले साडेसातशे किलो. म्हणजे टायरची पकड अर्ध्यापेक्षा कमी झाली, आणि त्याच वेळी प्रवाह बाजूने ढकलतोय. इथे डिफरेन्शियल लॉक काय करणार? चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नाहीत. हलकी गाडी तर आणखी आधी तरंगते. जिम्नीचा चिखलातला गुण इथे अवगुण होतो.

आपल्याकडे दर पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असतं, कठडा दिसत नाही, फरशी खचली आहे की नाही ते कळत नाही, आणि कुणीतरी म्हणतो, "अरे फोर बाय फोर आहे, टाक!" मंडळी, नको टाकू.

नाशिककरांकडे पाणी मोजायचं शहाणपण फार जुनं आहे. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागलं? कमरेला, छातीला की गळ्याला? तो आकडा ऐकून कुणी नदीत उतरत नाही. तो ऐकून माणूस दुकानातला माल वर हलवतो. कुठलं माप कुठल्या निर्णयासाठी, हे तिथे अगदी पक्कं ठरलेलं आहे. गाडीच्या मापांचंही तसंच ठरवायला हवं.

तर मग परीक्षा घ्यायची कशी?

नवी गाडी बघायला जाल तेव्हा आधी स्वतःची प्रश्नपत्रिका लिहा. वर्षातून किती दिवस कच्च्या रस्त्यावर? तो रस्ता दगडाचा, मातीचा की पाण्याचा? सोबत किती माणसं, किती सामान? सामान भरलं की गाडी खाली बसते आणि माहितीपत्रकातले कोन कमी होतात, हेही धरा.

मग गुडघे टेकून गाडीखाली बघा. सगळ्यात खाली लोंबणारा भाग कुठला? त्याला पत्र्याचं संरक्षण आहे का? पुढे-मागे ओढून काढायचे हूक आहेत का आणि ते थेट चासीला बसवलेत का? टेस्ट ड्राइव्हला गुळगुळीत हायवे नको म्हणा. तिरका खड्डा मागा, म्हणजे एका वेळी कोपऱ्यातली दोन चाकं हलकी होतील आणि गाडी ताकद कुणाला देते ते दिसेल. लो रेंजमध्ये एक उतार उतरून बघा. आणि विचारा, हा पार्ट तालुक्याला मिळतो का, की गाडी ट्रकवर घालून शहरात आणावी लागेल? काळी-पिवळीच्या जमान्यातला तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

आणि सगळ्यात शेवटी १९४० चा तो प्रश्न. पावणेदोन टनांची गाडी आज कुणी हाताने उचलणार नाही. पण अडकलो तर कोण काढणार, कशाने काढणार, हे निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. दुसरी गाडी सोबत, मजबूत पट्टा, फावडं, आणि गावातल्या ट्रॅक्टरवाल्या काकांचा नंबर. खरं सांगायचं तर आपल्या भागात रुतलेल्या भारी भारी गाड्या बऱ्याचदा शेवटी ट्रॅक्टरच काढतो. त्याचा अप्रोच अँगल कुणी विचारत नाही.

तुमच्या गावात पूर्वी कुठली जीप होती? साहेबांची, साखर कारखान्याची की काळी-पिवळी? ती कुठल्या घाटात अडकली, कुणी काढली? आवाज रेकॉर्ड करून पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर सांभाळून चालवा, आणि फरशीवरून पाणी जात असेल तर अलीकडे थांबून चहा घ्या. पाणी उतरतंच. भेटू!